सत्तावीस किलोमीटर, दीड दिवस

उज्दा शहरात तिकिटं विकणाऱ्या मिमून यांना कुणीही विचारावं, अमुक गाव किती लांब, विमानाला किती वेळ. उत्तर तोंडावर तयार. सीमेपलीकडच्या अल्जीरियाचं नाव निघालं की मात्र ते आधी कपाळाला हात लावत. यंदा रमझानात एक आजी तिकडचं तिकीट विचारायला आल्या.

"मगनिया? रस्त्यानं सत्तावीस किलोमीटर. पण सीमेला कुलूप. तेव्हा आजी, आधी उलट्या दिशेनं कासाब्लांका, एक तास. तिथून ट्युनिस, अडीच तास. मग ओरान, दीड तास. पुढे गाडी. ताटकळणं धरून दीड दिवस."

"मेल्या, गाढवावरून लवकर पोचेन मी!"

"गाढवाला सोडतील आजी, तुम्हाला नाही. आणि रमझान आहे, विसरू नका. आपण त्यासाठी घड्याळं तासभर मागे घेतलीत, त्यांनी नाही. विमान चुकवाल."

मगनियात मिमून यांची थोरली बहीण यमिना राहायची. आई लवकर गेली, तिनंच त्यांना लहानाचं मोठं केलं. अकरा वर्षांत भेट नव्हती. दुसऱ्यांना वाटा दाखवणाऱ्या या माणसाचं स्वतःचं जाणं दर वर्षी पुढं ढकललं जाई.

त्याच रमझानात एके दिवशी सकाळी दहाला भाच्याचा, हुवारीचा, फोन आला.

"मामा, आई गेली."

मिमून यांनी हातातलं तिकीट खाली ठेवलं.

"मामा, तुम्हालाच कळतं यातलं. किती तास लागतील? सांगाल तेवढं थांबतो."

जन्मभर लोकांनी विचारलेला प्रश्न. त्यांनी विमानांतल्या जागा पाहिल्या. ट्युनिसहून ओरानला जागा थेट गुरुवारी, म्हणजे तीन दिवसांनी. मय्यत इतकी ताटकळत ठेवायची नसते.

"थांबू नका," ते कसेबसे म्हणाले.

"मग दोनला दफन. तुम्ही बरोबर दोनला फोन लावा, मी कबरीपाशी धरतो. दुआ तरी तुमच्या तोंडची होऊ दे."

मिमून यांनी दुकानाचं दार ओढून घेतलं, हातपाय धुतले आणि घड्याळासमोर बसून राहिले. दुआचे शब्द पाठ होते, तरी पुन्हा पुन्हा म्हणून पाहिले. ठोक्याला दोन वाजता फोन लावला.

"मामा!" हुवारीचा आवाज बसला होता. "फार वाट पाहिली. इमामसाहेबही थांबले. मग वाटलं, तुम्हाला सोसवत नसेल. माती देऊन आम्ही घरी आलो."

"अरे, आत्ता तर दोन वाजतायत!"

"इथं तीन वाजलेत, मामा."

समोर भिंतीवर ट्युनिस, पॅरिस, माद्रिद अशी घड्याळं ओळीनं टिकटिकत होती. मध्ये एक रिकामा खिळा होता. थेट विमानं बंद झाली तेव्हा अल्जीरियाचं घड्याळ मिमून यांनीच उतरवलं होतं. आता कशाला लागतंय, म्हणाले होते.

"फोन ठेवू नकोस रे," ते म्हणाले.