हसण्याची जागा

पंडित शिवाधार वाजपेयी फत्तेपूरच्या पाठशाळेतील संस्कृतची नोकरी सोडून अलाहाबादेस आले आणि ‘वाग्धारा’ मासिकाच्या संपादकपदी बसले, ते डोळे अधू होईपर्यंत उठले नाहीत. त्यांनी छापलेला मनुष्य हिंदीत कवी ठरे. त्यांनी परत पाठविलेला बहुधा पुन्हा लेखणी धरीत नसे. आलेला मजकूर जसाच्या तसा छापणे त्यांना वाचकांचा अपमान वाटे. ते ओळी खोडीत, नव्या लिहीत. छपाई झाली की मूळ कागद चणेवाल्याकडे पुड्यांसाठी जात. त्याची खंत कोणालाच नव्हती.

मऊरानीपूरचे सुखनंदन खरे मास्तर हे त्यांचे सर्वांत जुने स्नेही. मास्तरांच्या बुंदेली वळणाच्या कविता पंडितजींनीच घासूनपुसून शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचविल्या. मास्तरांनी कधी तक्रार केली नाही. नक्कलही ठेवली नाही. ते गेल्यावर त्यांच्या समग्र कवितांचा ग्रंथ पंडितजींनी हाती घेतला.

माघस्नानाला गावकऱ्यांबरोबर आलेली मास्तरांची पत्नी सियादुलारी पंडितजींच्या दारागंजातल्या घरी आली. तिला अक्षरओळख नव्हती. पुस्तक निघण्याआधी एकदा नवऱ्याचे ऐकावे, एवढ्यासाठीच ती आली होती. दिराला म्हणावे तसे ती पंडितजींना लालाजी म्हणे, आणि ते तिला भौजी, म्हणजे वहिनी, म्हणत. तिळाचे लाडू पुढे ठेवून ती म्हणाली, “हे तेवढे तसेच खा, लालाजी. यात खोडाखोड नको.”

तिने विहिरीवरची कविता मागितली. पंडितजींनी कागद नाकाशी धरून ती खणखणीत वाचली.

“मग मी हसायची ती जागा कुठं गेली?”

शाळेतून आल्यावर मास्तर पाय धुताना ही कविता गात. एका ओळीला तिच्या हातचे लाटणे सुटे, आणि ते मुद्दाम तीच ओळ पुन्हा म्हणत. ओळ कोणती, हे मात्र तिला सांगता येईना.

“शब्द मी कशाला लक्षात ठेवू? म्हणणारा घरातच होता.”

त्या ठिकाणी काही ग्राम्य वाटले म्हणून आपण फुली मारली होती, हे पंडितजींना आठवले. फुलीखालचे आठवले नाही. त्यांनी तिथेच बसून, घागरीसकट घसरणाऱ्या सरपंचाची एक ओळ बुंदेलीत रचली आणि वाचून दाखविली. सियादुलारी तोंडाला पदर लावून हसली. पण खोटे ओळखण्यातच पंडितजींचे आयुष्य गेले होते.

“भौजी, खरं सांगा. त्याचं वाटतं?”

“तुमचं वाटतं, लालाजी. सगळंच तुमचं वाटतं.” ती उठली. “राग नाही माझा. पण त्यांचं थोडं काही निघालं असतं, तर बरं झालं असतं.”

बाहेर एक्क्यात गावकरी खोळंबले होते. ती गेली.

पंडितजींनी नवी ओळ खोडली. कविता होती तशीच छापखान्यात गेली. प्रस्तावनेत त्यांनी लिहिले होते की या ग्रंथात कवीचा आवाज चिरंतन राहील. ते वाक्यही त्यांनी काढले. त्या जागी लिहिण्याजोगे दुसरे काही त्यांना सुचले नाही.