सहाव्या दिवसाची नोंद

सहा आठवडे झाले. सकाळी सातला निमगाव सावाहून भावजयीचा, शांताचा, फोन आला. "आक्का, ह्ये उठंनात..." एवढंच बोलली. मी मंचरला राहते, तासाभरात पोहोचले. माझा धाकटा भाऊ निवृत्ती झोपेतच गेला होता. झोपेत फिट आली असावी, असं डॉक्टर म्हणाले.

फिटचा संशय दोन वर्षांपासून होता. मधेच तो गप्प व्हायचा, हात झटकायचा. दवाखान्यात झोपवून मेंदूचा आलेख काढला की काहीच सापडायचं नाही. म्हणून पुण्याहून डोक्याला बांधायचा पट्टा मिळाला. तो घालून मेंढरांमागं हिंडायचं, आलेख आपोआप भरत जातो. अडचण एकच. घास चावला, उडी मारली, कपाळाला घाम आला, की त्याचेही तरंग उमटतात आणि मेंदूचे त्यात बुडून जातात. ते निवडून बाजूला काढायला पट्ट्यात हालचाल टिपणारी चकती होती, शिवाय घरच्यांनी वेळ लिहून नोंदी करायच्या होत्या. ते काम अर्थात माझ्याकडे आलं. आठ दिवस वही घेऊन मी त्याच्या मागं. ७.१० भाकरी. ७.२५ खोकला. ७.४० हसला.

"आक्का, तू तलाठी व्हायची राहिलीस."

"तू हलू नको, मग लिहावं लागायचं नाय."

"आन् मेंढरान्ला कोण सांगंल?"

सहाव्या दिवशी तो मेंढरांच्या वाड्यात एका मेंढीचे खूर कापत होता. एकाएकी थांबला. नजर कुठंतरी... मग जबडा आणि उजवा हात हिसके द्यायला लागले. मेंढी केव्हाच सुटून लांब गेली होती. भानावर आल्यावर त्यानं आधी माझ्या वहीकडे पाहिलं.

"मेंढीनं हिसडा दिला, आसं लिव्ह."

मी वही मिटली.

"फिट लिवलीस तर गाडी बंद, मेंढरं बंद. घरात बसवून ठिवत्याल मला... लिव्ह की."

मी लिहिलं. वेळेसकट. अहवालात काही निघालं नाही, गोळ्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

दहाव्यानंतर मी पट्टा देणाऱ्या बाईंना फोन करून खरं सांगितलं. त्यांनी तेवढाच तुकडा पुन्हा तपासला. मेंदूचे तरंग आधी उसळले होते, हात नंतर हलला होता. "तुमच्या नोंदीवरून आम्ही ती हालचाल धरली आणि वगळली," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

निवृत्तीचे फोटो फारसे नाहीत. शांतानं ती वही देव्हाऱ्याशेजारी ठेवलीय, रोज वाचते. "ह्यात ह्ये चालत्यात, जेवत्यात, हसत्यात," परवा ती म्हणाली. "तुमी व्हता म्हणून सगळं खरं खरं लिवून ऱ्हायलं, आक्का."

मी तिला चहा टाकायला सांगितलं...

हा लेख रविवारी छापून येईल. त्याआधी, शनिवारी, मी निमगावला जाणार आहे.