दिल्लीचं कमिशन आणि आमची आठवी

दिल्लीहून आमच्या गावी आलेलं कमिशन मी वेशीवरच अडवलं होतं, आणि त्याला धड जेवणही मिळू दिलं नव्हतं. याचा मला आजही पश्चात्ताप वगैरे काही नाही. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं. आमचे 'हे' तर तेव्हापासून हसतच आहेत.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. नागभीडपासून जीपने तासाभरावर आमचं गाव. पुढे धानाच्या बांध्या म्हणजे भातखाचरं, मागे जंगल, मध्ये तलाव आणि तलावाच्या पाळीला लागून केरळच्या सिस्टर लोकांची मिशनची शाळा. भिंतीवर येशू आणि बाकांवर आमच्या बौद्ध वस्तीतली, गोंडांची आणि कुणब्यांची पोरं! सगळ्या गावात ख्रिस्ती म्हणावं तर दोन सिस्टर, त्यांची स्वयंपाकीण आणि डॅनियल. (डॅनियल हा कुत्रा होता. पण रविवारी तोही प्रार्थनेला बसायचा, म्हणून मोजला.) आमचे हे त्या शाळेत गणित शिकवायचे. मी रोज जयभीम घालायची, सिस्टर रोझलिन रोज 'गॉड ब्लेस यू' म्हणायच्या आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते इयत्तेवरून. शाळा होती सातवीपर्यंत, आणि आमची वैशाली होती सातवीत. पुढची शाळा थेट नागभीडला. तिथं तेरा वर्षांच्या पोरीला ठेवायचं कुणाकडे? आमच्या थोरल्या जाऊबाईंनी या प्रश्नाचं उत्तर कधीच काढून ठेवलं होतं. त्यांच्या भाच्याचं स्थळ!

"तू नाई का सातवीनंतर मांडवात उभी राह्यली?" त्या म्हणायच्या. "काय बिघडलं तुयं?"

काय बिघडलं ते मला ठाऊक होतं. मी सातवीला वर्गात पहिली आले होते, आणि बक्षीस म्हणून नवरा मिळाला होता. (नवरा चांगला आहे, पण मला आठवी हवी होती.) तेव्हा वैशालीला आठवी मिळाल्याशिवाय मी कुणालाही स्वस्थ बसू देणार नव्हते. सिस्टरकडे मी इतक्या वेळा आठवी मागितली, की मला पाहताच त्या दुरूनच हात जोडायच्या.

आणि एक दिवस हे घाईघाईने घरी आले, घटाघटा पाणी प्यायले आणि म्हणाले, "वैशालीच्या माय, दिल्लीवरून कमिशन येऊन राह्यलं. त्याच्या मनासारखं झालं तं आठवी भेटन. मी नागभीडले जातो आणाले. उद्या घेऊन येतो." एवढं सांगून माणूस पिशवी उचलून बस पकडायला पळाला! गणिताच्या मास्तरांची ही जुनी खोड. उत्तर सांगायचं, रीत सांगायची नाही.

आता, आमच्या भागात कमिशन म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्या शेजारची पार्बताबाई मडावी दिवसभर उन्हात बिडीसाठी तेंदूपत्ता तोडून पुडे बांधायची, आणि ते विकायच्या फडीवर मुन्शी शंभरामागे पाच पुडे बाजूला सरकवून म्हणायचा, "हे कमिशन." बांबूवाला कमिशन घ्यायचा, धानवाला घ्यायचा. तेव्हा शिकायला आठवी मागितली, तर आता दिल्लीवालाही घेणार होता! माझं डोकं सणकलं.

तरी मी शहाणी बाई. एकदम भडकले नाही. आधी खात्री करून घ्यावी म्हणून सिस्टर रोझलिनकडे गेले. त्या पताका लावत होत्या.

"सिस्टर, कमिशनबिगर आठवी होतच नाई का?"

"नहीं होगा, सुलोचनाबाई," सिस्टर हसून म्हणाल्या. "कमिशन खुश, तो सब काम होगा."

हसून! मी खांब धरला. "म्हणजे सगळीकडे असंच चालते?"

"पूरा इंडिया में! कमिशन के बिना हमारा कोई स्कूल नहीं चलता."

"अन् मोठ्या बिशपसाहेबायले मालूम हाये हे?"

"अरे, उन्हीं लोगों ने तो बनाया है!"

माझ्या पायांखालची जमीन सरकली. ही देवाची माणसं! शेवटचं म्हणून विचारलं, "किती हाये?"

"तीन," सिस्टर म्हणाल्या. "और नागपूर से एक जुड़ेगा, तो चार. आप कल कोंबडा अच्छा बनाना, हाँ? कमिशन को आपके हाथ का रस्सा खिलाना है."

तीन टक्के दिल्लीचे, एक टक्का नागपूरचा, वर माझा कोंबडा! मी घरी आले आणि आधी कोंबड्याच्या पायाची दोरी सोडली. "जाय बापा," त्याला म्हटलं, "तुयं तरी कमिशन वाचलं." तो जो जंगलाच्या दिशेने गेला, तो पुन्हा काही दिसला नाही. मग मी पार्बताबाईकडे गेले. कमिशन हा शब्द ऐकताच ती बाई हातातलं सूप तसंच टाकून उठली.

"पानाचं कमिशन घेतलं, गप बसलो," ती म्हणाली. "आता पोरीच्या शाळेचं? चाल व बाई, कोण येते ते पाहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाच्या पाळीखालच्या रस्त्यावर आम्ही बैलांची बंडी आडवी लावली. धानाची रोवणी आटोपलेली, बाया मोकळ्या होत्या. अर्धं गाव जमलं. कुणी झाडू आणला, कुणी मुसळ आणलं. एका आजीबाईंना काय चाललंय ते ऐकू आलं नव्हतं, पण त्या सर्वांत पुढे बसल्या. आता गंमत अशी, की आमच्या मागेच शाळेचं फाटक होतं, आणि फाटकात सातवीच्या पोरी वेण्या घालून, झेंडूचे हार घेऊन स्वागतगीताला उभ्या होत्या. मधोमध वैशाली!

"माय, घरी जा व!" ती दात खाऊन म्हणाली.

"तुया आठवीसाठीच उभी हाओ," मी म्हटलं. "तू गाणं म्हण."

जीप आली. मागून पोरींनी "या हो पाहुणे" सुरू केलं आणि पुढून आम्ही "कमिशन, परत जा!" सुरू केलं. दोन्ही बाजू जोरात होत्या. बाकीची मंडळी आतच राहिली; लांब पांढरा झगा घातलेले, चष्म्याचे एक उंच फादर तेवढे जीपमधून उतरले आणि एकदा हारांकडे, एकदा मुसळाकडे पाहू लागले.

पार्बताबाई माझ्या कानाशी लागली. "बाई, हे तं फादर हाये."

"फादर असो का फादरचा बाप!" मी ओरडले. "आठवी पाहिजे, कमिशन नाई!"

जीपच्या मागच्या बाकावर आमचे हे बसलेले दिसले. मला पाहताच त्यांनी पिशवी तोंडासमोर धरली.

फादर सिस्टरना म्हणाले, "सिस्टर, आपने तो लिखा था, गाँव को स्कूल चाहिए." सिस्टर रडकुंडीला आल्या. "कल तक ठीक था, फादर!" फादर सावकाश म्हणाले, "जहाँ लोग नहीं चाहते, वहाँ कमिशन ज़बरदस्ती नहीं करता." आणि ते परत जीपमध्ये बसले. जीप मागे जाऊ लागली. आम्ही जिंकलो! बायांनी टाळ्या पिटल्या, आजीबाईंनी मुसळ वर केलं.

तेवढ्यात मागचं गाणं थांबलं. वैशाली हार टाकून मोठ्यानं रडू लागली. "गेली! आठवी चालली माही! माय, काऊन केलं व असं?"

 आणि त्याच क्षणी आमच्या गुरुजींना कंठ फुटला. त्यांनी चालत्या जीपमधून उडी मारली. (आयुष्यात मारलेली ही त्यांची एकमेव उडी.) "अवो, कमिशन म्हणजे माणसं हायेत! देशभरच्या बिशप लोकायनं शाळा पाहाले नेमलेली माणसं! तीन माणसं! समिती, समिती!"

"मंग समिती म्हणाले तुमची जीभ झिजत होती का?" मी किंचाळले. तरी सांगते, चूक माझी नव्हती. सरळ मराठी शब्द घरात असताना बाहेरचा आणायचा कशाला?

पण भांडायला वेळ नव्हता. आठवी उलट्या गिअरमध्ये चालली होती! मी हात हलवत जीपमागे धावले. "थांबा! या! परत या!" मघाशी 'परत जा' म्हणणारी बाई आता 'परत या' म्हणते आहे, हे पाहून ड्रायव्हर पुरता गोंधळला. त्याने चाक वळवलं आणि जीप कमिशनसकट चिखलाच्या बांधीत उतरली. त्या बांधीने माझी आठवी वाचवली. आता कमिशनला मनात असूनही परत जाता येत नव्हतं.

मी साडी खोचून बांधीत उतरले आणि फादरच्या खिडकीशी उभी राहिले. काय झालं ते सांगितलं. तीन टक्के, नागपूरचा एक टक्का, सगळं. फादरनी चष्मा काढून पुसला. आधी त्यांचे खांदे हलले, मग जीप हलायला लागली, इतके ते हसले. माफी मागावी असं वाटलं, पण तोंडातून निघालं भलतंच.

"हासून झालं असन तं सांगा, आठवी देता का नाई?"

"बहनजी, देना हमारे हाथ में नहीं है," फादर म्हणाले. "स्कूल सिस्टर लोग चलाते हैं, मान्यता सरकार देती है. हम सलाह देते हैं, टीचर लोगों को ट्रेनिंग देते हैं, कहीं अड़ जाए तो सरकार से बात करते हैं."

"म्हणजे हातात काईच नाई? अन् मंग एवढ्या दुरून आले कायले?"

आमचे हे कपाळाला हात लावून बांधीतच बसले. पण फादर रागावले नाहीत. "पीछे खड़े रहने के लिए," ते म्हणाले. "हमारा कहना है, स्कूल पहले गरीब के लिए, लड़कियों के लिए, चाहे किसी धर्म की हो. लेकिन गाँव को चाहिए कि नहीं, यही देखने हम आते हैं."

"आमी काय इथी मुरमुरे खायाले जमलो?" मी म्हटलं. "तुमी मागं उभे राहा. पुढं आमी हाओ!"

मग बंडी आणि झाडू-मुसळं बाजूला सारून आम्ही सगळ्या बायांनी जीपला खांदा दिला आणि दिल्लीचं कमिशन ढकलत शाळेच्या फाटकात आणलं. पोरींनी नाक पुसत पुसत गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. आम्ही गुडघ्यापर्यंत चिखलात, बांधीत उतरलेले पाहुणे कमरेपर्यंत. एक हार फादरना गेला, एक चुकून पार्बताबाईला. दुपारी पाहुण्यांनी भात आणि जवसाची चटणी खाल्ली, आणि सिस्टर मला तीनदा विचारून गेल्या, की कोंबडा कुठं आहे.

जाताना फादर सिस्टरना म्हणाले, की शाळेच्या समितीत पालक हवेत असं आम्ही सगळीकडे सांगत फिरतो, पण कुणी पुढे येत नाही. इथं तर पालकांनी जीपच अडवली. या बाईंना घ्या. पुढे फादर बोलल्याप्रमाणे मागे उभे राहिले, सरकारदरबारी खेटे झाले, आणि पुढच्या जूनमध्ये मिशनच्या धान्याच्या खोलीतली पोती बाहेर निघून आठवी आत गेली. पहिल्या बाकावर वैशाली बसली. मी खिडकीतून पाहिलं आणि खूप रडले, हेही सांगून टाकते. जाऊबाईंच्या भाच्याला दुसरी मुलगी शोधावी लागली.

गावाने मात्र आपलं ते खरं केलं. 'सुलोचनाबाईले कमिशन भेटलं, म्हणून गप बसली!' तेव्हापासून माझं नाव कमिशनबाई पडलं. प्रवेश असो, गणवेश असो, शाळेत कुणाचं काही अडलं की लोक माझ्याकडे पाठवतात, आणि सांगतात काय, तर कमिशनबाईशिवाय तिथं काही होत नाही. अगदी सिस्टरचं वाक्य!

पुढे काही वर्षांनी थोरल्या जाऊबाई स्वतः आल्या. नातीला आठवीत घालायचं होतं. पदर सावरत, इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाल्या, "सुलोचना, तुयं कमिशन किती हाये व?"

"तीन," मी म्हटलं. "नागपूरचा जुडला तं चार. अन् कोंबडा वेगळा!"