सुनेच्या गोळ्या म्हशीच्या पोटात

सुनेला पाचवा महिना लागला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या घे. आठव्यापर्यंत रक्त भरलं नाही, तर बाळंतपण माहेरी नाही, बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्यात."

पहिलं बाळंतपण आणि माहेर नाही! तिकडे माहेरी, उंद्रीला, तिच्या आईने खोलीला चुनासुद्धा मारून ठेवला होता. पोरीचा चेहरा डोणगावच्या बाजारातल्या संध्याकाळच्या मेथीसारखा उतरला.

त्यानंतर गोळ्यांची पाकिटं शिस्तीत रिकामी होत गेली. रक्त मात्र जागचं हलेना. मी बीट खाऊ घातलं, पालक, गूळ-शेंगदाणे. छे!

एका सकाळी गोठ्यात गेले, तर सूनबाई म्हशीच्या सरकीच्या ढेपेत गोळी चुरत होती.

"काऊन वं, हे काय करून राह्यली?"

ती दचकली. "आत्याबाई, सुरुवातीले घेतल्या मी. पण संडासले काळी झाली ना! म्हटलं, पोटात एवढा रंग सुटते, तर लेकरावर बसणारच. शेजारच्या काकूबी म्हणे, गोळीनं लेकरू काळं होते."

"अन् म्हशीले काऊन?"

"औषध फेकाले कसंतरी वाटते. अन् तिलेबी दिवस आहेत. तिचं लेकरू तसंही काळंच होणार, तिचं काय बिघडते?"

मी म्हशीकडे पाहिलं. ती बाकी तुकतुकीत दिसत होती.

मग मी पदर खोचला, बाही वर सारली आणि माझा हात तिच्या डोळ्यांपुढे नाचवला. "पाह्य हे! माह्या मायनं जन्मात असली गोळी पाह्यली नाही. तरी मी कशी निघाली? कोळसा! तुह्या सासऱ्याले पाह्य, नवऱ्याले पाह्य. या घरात लेकरू गोरंपान झालं, तर गाव गोळीले नाही, तुले इचारन!"

सून हसता हसता खाली बसली. तरी तिची शंका जाईना. "पण ते काळं?"

"जांभळं खाल्ली की जीभ जांभळी होते. लेकरू होते काय?"

शेवटी डॉक्टरीणबाईंना फोन लावून दिला. त्या म्हणाल्या, अंगी न लागलेलं लोह बाहेर पडतं, त्याचा तो रंग. तो बाळापर्यंत जात नाही. सुनेने तिथेच लिंबूपाण्याबरोबर गोळी घेतली. नाक मुरडत, पण घेतली.

आठव्यात रक्त भरलं आणि पोरगी नाचतच उंद्रीला गेली. आठवडा झाला नाही तर तिचा फोन.

"आत्याबाई, इथं आमच्या गल्लीत एक गर्भार बाई आहे, गोळ्या फेकून देते. समजावून समजावून थकली मी. तुमचा एक फोटो धाडा."

"माहा? काऊन?"

"गोळीबिगर कोणी इतकं काळं होते, यावर ते इश्वासच ठेवत नाही. उन्हात काढजा, हात दिसला पाह्यजे."

मी तोंडावरची पावडर पुसली, अंगणात भर उन्हात जाऊन उभी राहिले आणि नवऱ्याला म्हटलं, "काढा!"