प्लासिड सरांचे कान

निर्मळचे प्लासिड सर फुलपाड्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवत. कुणी डोंगर, झोपडी आणि नदी काढली की ते विचारत, "ही नदी फुलपाड्यात कुठं पाहिलीस रे?" मग घरच्या बागेतला केळीचा घड टेबलावर ठेवून म्हणत, "डोळ्यांना दिसतं तेच काढा. डाग असेल तर डागही काढा."

ते निवृत्त झाले त्या दिवशी सातवीच्या मुलांनी सरांचीच चित्रं काढून त्यांना भेट दिली. सर कौतुकानं एकेक बघू लागले आणि गोंधळले. प्रत्येक चित्रात त्यांच्या कानांतून केसांचे झुपके बाहेर आले होते.

"अगं, हे काय?" त्यांनी संपदाला विचारलं.

"दिसतं तेच काढलंय, सर," ती गंभीरपणे म्हणाली. "डावा झुपका जास्त पांढरा आहे, तो ऋतिकाला छान जमलाय."

समारंभाला आलेल्या त्यांच्या बायकोला, प्रिस्काला, हसू आवरेना. "मी सांगितलं तेव्हा म्हणालात, तुझा चष्मा बदल!"

सर आधी लाजले. मग मात्र आपली शिकवण पोरांच्या डोळ्यांत पुरती उतरली, या विचारानं त्यांची छाती फुगली. घरी जाताना त्यांनी स्कूटर सलूनपाशी थांबवली. चित्रं मात्र आजही त्यांच्या हॉलमध्ये टांगलेली आहेत, केसांसकट.