बेंबी ते कोपर

आमचे दाजी गाड्यांचा पत्रा सरळ करतात. ठोकरलेली गाडी आली की आधी टेप काढणार, हातोडी नंतर. मी त्यांच्याकडे रंगकाम करतो, त्यामुळे ही मोजामोजी रोज बघतो आणि रोज वैतागतो.

एकदा शाळेच्या मुलांची व्हॅन आली. एक बाजू चेपलेली, दुसरी पूर्वी कुणीतरी पुट्टी थापून लिंपलेली. म्हणजे तिच्यावरून माप घ्यायची सोय नाही. दाराची चौकट नेमकी किती हवी हे कळल्याशिवाय दार धड लागणार नव्हतं, आणि चालत्या गाडीत दार उघडलं तर काय होतं ते सांगायला नको.

कंपनी म्हणाली, मापांचं ड्रॉइंग फक्त अधिकृत गॅरेजला. अधिकृत गॅरेजने तासभर ताटकळत ठेवून वाटेला लावलं. शेवटी सुट्या भागांच्या दुकानदाराने एक छापील ड्रॉइंग दिलं, कंपनीचंच म्हणून, वर शिक्का. ते वाचताना दाजींचं बोट एका ओळीवर थांबलं.

त्यात लिहिलं होतं, 'बेंबी ते कोपर'. दाराशेजारच्या खांबावरच्या भोकाला बेंबी आणि बिजागरीजवळच्या वळणाला कोपर म्हणणारा माणूस जगात एकच, आमचे दाजी. जुन्या मालकाकडे बावीस वर्षं राबताना धडधाकट गाडी दिसली की ते मोजून वहीत काढून ठेवायचे. नोकरी सोडताना मालकाने वही ठेवून घेतली, म्हणाला ती गॅरेजची. आता तो मालक तीच कंपनीच्या नावाने छापून विकत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दाजी मात्र आकडे बघत होते. त्यांच्या टेपचं टोक झिजलेलं, म्हणून ते एकच्या खुणेपासून मोजायचे, शेवटी एक सेंटिमीटर वजा करायचे आणि आकड्याखाली रेघ मारायचे. छापणाऱ्याने रेघाही इमानेइतबारे छापल्या होत्या. फक्त बेंबी ते कोपरच्या खाली रेघ नव्हती, म्हणजे तिथला एक वजा करायचा दाजींकडूनच राहिला होता.

दाजींनी एक वजा करून चौकट ओढली. दार अलगद लागलं. मग त्यांनी फोन उचलला आणि त्या मालकालाच खरा आकडा सांगितला. तो निर्लज्ज म्हणाला, आणखी चुका असतील तर तेवढ्या सांगून टाका.

मी भडकलो. "दाजी, त्याने तुमची वही ढापली आणि तुम्ही त्याच्या चुका सुधारताय?"

"त्याच्या कुठल्या? चूक माझी आहे," दाजी म्हणाले. "या मापावर आजवर किती दारं बसली असतील रे?"

त्या मालकावरचा माझा राग अजून गेलेला नाही. पण रस्त्यात तसली व्हॅन दिसली की मी आधी तिचं दार बघतो.