योग्य ताण म्हणजे किती?

कामठीच्या शालिकरामला राग यायला एक शब्द पुरायचा, इथे तर पेटंट कार्यालयाचं अख्खं पत्र आलं होतं. पस्तीस वर्षं यंत्रमाग दुरुस्त करणाऱ्या या जॉबरनं धागा तुटू नये म्हणून एक स्प्रिंगचा दांडा बनवला. अर्जात लिहिलं, ‘उभ्या धाग्यांना योग्य ताण देऊन दांडा अडकवावा.’ साहेबाचा आक्षेप आला: योग्य म्हणजे किती? अर्थ स्पष्ट नाही, हक्क देता येणार नाही.

“अवं, तळहात ठेवला का समजते!” अर्ज लिहिणाऱ्या अदिती वकिलीणबाईवर तो उखडला.

“मग तेव्हा मले काहून नाही सांगितलं, काका?”

“हे काय सांगाची गोष्ट हाय? जेवण हातानं तोंडात घालावं, असं पत्रिकेत छापते का कोणी?”

चुकलं ते इथेच. आता अर्जात नवं काही घालता येत नव्हतं, आणि हक्क गेला की दांड्यावर डोळा ठेवून बसलेला कळमेश्वरचा कारखानदार तोच दांडा बनवायला मोकळा!

अदिती म्हणाली, “साहेबाले समजते का, हे कायदा विचारत नाही. जाणकाराले समजते का, ते विचारते. एक जॉबर आणा, पण दोस्त नको.”

शालिकरामनं दातओठ खात रुपराव जॉबरचं नाव घेतलं. शालिकरामच्या पोरीच्या लग्नातल्या मानपानावरून दोघं आठ वर्षं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते.

सुनावणी मोबाईलवर, व्हिडिओ कॉलनं झाली. मागापाशी रुपरावला फक्त अर्जातला मजकूर मराठीत करून दिला. त्यानं वाचला, कागद खिशात कोंबला, धाग्यांवर तळहात टेकवला, ताण लावून दांडा अडकवला. अदितीनं ताण मोजायचा मीटर लावला. शेजारच्या मागावर शालिकरामनं स्वतः लावलेल्या ताणाचा होता तेवढाच आकडा.

“पण तळहाताचं यात कुठेच लिहिलेलं नाही,” साहेब म्हणाले.

रुपराव भडकला. “लिवाले काहून पायजे, साहेब? ज्याले हे लिहून द्यावं लागते, त्याले मागाजवळ उभं कोण करते?”

साहेबांनी समोरच्या कागदावर नोंद केली. मग म्हणाले, “ठीक आहे. हा आक्षेप मागे घेतो.”

रुपराव चपला घालून निघालाही. शालिकरामला आनंद व्हावा की नाही? तो आणखीच चिडला.

“पस्तीस वर्षं राबलो गा,” तो अदितीला म्हणाला, “अन् माह्यी अक्कल समजाले दुश्मनच भेटला!”